अठ्ठावीस किलोमीटर

रविवारी संध्याकाळी सहाला
लॅक्लन दोन गोष्टी परत आणून देतो :
मेरेआना, आणि गाडी.
मेरेआना बहुधा पोटभर जेवलेली असते.
गाडी अर्धपोटी.
बॅटरीचा आकडा शून्याला टेकलेला,
मागच्या सीटवर चिप्सचा चुरा, एक ओला मोजा,
आणि टाकीत पेट्रोल मात्र काठोकाठ.
प्रामाणिक आहे तो,
त्याच्या पद्धतीने.

वायर लावायला असा किती वेळ लागतो रे,
मी पूर्वी विचारायचे.
वेगळं होताना आम्ही भांडी वाटून घेतली,
पुस्तकं वाटून घेतली,
कुत्रा दोघांनाही नाकारून त्याच्या आईकडे गेला.
गाडी एकच होती
आणि तिला पोटं दोन.
वकीलबाई म्हणाल्या, आठवडा-आठवडा करा.
मुलीचंही तसंच ठरलं होतं, त्याच कागदावर,
वरच्या ओळीत.

रात्री नऊनंतर वीज स्वस्त होते.
नऊ वाजून दोन मिनिटांनी मी चपला अडकवून बाहेर जाते.
केबल थंडीने ताठलेली,
वेटोळं सोडायला तयार नसते.
टोक खोबणीत बसलं की खट् होतं.
त्या आवाजानंतरच मला झोप येते.
बेकरीत रात्रभर पीठ फुगतं
तशी अंगणात ती भरत राहते,
कुणी बघत नसताना.

सकाळी बटण दाबलं की गाडी जपानीत बोलते.
आठ वर्षं तिकडे कुणाकडे राबून
मग जहाजातून इथे आली ;
तिला अजून वाटतं, आपण तिथेच आहोत.
आधी तारीख सांगते, मग काहीतरी बजावते.
कोपऱ्यावरचे ओकुमुरा म्हणाले,
टोलचं कार्ड घातलं नाही, अशी तक्रार आहे ती.
डनीडनमध्ये टोल नाही.
मेरेआना रोज तिच्या सुरात सूर मिसळून
ते वाक्य पूर्ण करते
आणि पट्टा लावते.

पडद्यावर : अठ्ठावीस किलोमीटर.
आमचं घर टेकडीच्या माथ्यावर, शाळा खाली बंदराजवळ.
उतारावर मी ब्रेकला पाय लावत नाही.
स्टिअरिंगमागची पट्टी ओढते,
गाडी स्वतःला मागे खेचते
आणि खेचता खेचता कमावते.
वरून निघाले अठ्ठावीसने,
खाली पोचले एकोणतीसने.
दिवसातला हा माझा एकमेव नफा.
लॅक्लनला हे कधी दाखवता आलं नाही.
त्याला चढ आवडायचे.

हिवाळ्यात एकच भानगड.
हीटर लावला की इंजिन जागं होतं.
म्हणून मी हीटर लावत नाही.
टोपी, हातमोजे, गुडघ्यांवर घोंगडी,
जूनपासून माझ्या आठवड्यात
पेट्रोलचा थेंब जळलेला नाही.
बेकरीत मी हे सगळ्यांना सांगितलंय,
काहींना दोनदा.

जुलैतली सकाळ. काचेवर दहिवर गोठलेलं,
मी वाचनालयाच्या कार्डाने खरवडत होते.
आत बसले तेव्हा मेरेआना
स्वतःच्या श्वासाचा ढग बघत होती.
म्हणाली, बाबाच्या गाडीत ऊब असते.

अगं, हीच ती गाडी.

हो. पण त्याच्या आठवड्यात.

रागाने नाही म्हणाली.
गाडी तारीख सांगते, तशी म्हणाली.

मी पडद्याकडे पाहिलं. अठ्ठावीस.
मग हीटरचं बटण दाबलं.
बॉनेटखाली कुणीतरी घसा खाकरला,
सगळी गाडी जराशी थरथरली
आणि लॅक्लनचं पेट्रोल जळू लागलं.
वळणापर्यंत नुसता गार वारा.
मग कोमट.
मेरेआनाने एक हातमोजा काढला,
थोड्या वेळाने दुसरा,
आणि दोन्ही पंजे झरोक्यापुढे धरले.
आम्ही दोघीही काही बोललो नाही.
आकडा मी शाळेपर्यंत पाहिला नाही.

रविवारी काटा जरासा खाली असेल.
लॅक्लन आधी काट्याकडे बघेल, मग माझ्याकडे.
मी काही सांगणार नाही.
केबल तेवढी डिकीत ठेवून देईन,
वेटोळं नीट करून.