पेटीवरचं नाव

मोमिनपुऱ्यातल्या पेंटरनं काळ्या पेटीवर
पांढऱ्या अक्षरांत लिहून दिलं होतं:
सुगत गजभिये, कामठी.
रंग वाळायच्या आत नौदलाचं पत्र आलं.

सुभेदार चष्म्यावरून बघत म्हणाले,
'मैदानावरचा पोरगा तू. पाण्यात काय करशील?'
मी माघारीच्या कागदावर सही केली.
पेन त्यांचाच होता.

बाबा अजनीच्या यार्डातून रात्रपाळी करून आले,
बूट न काढताच बसले.
'कामठी तं सायकलनं झाली असती रे.'
आई एवढंच म्हणाली, 'पोहता येते का तुले?'
नाही येत.
अंबाझरीत गुडघाभर गेलो होतो एकदा,
तेही वाहून चाललेली चप्पल धरायला.

प्रज्वल सोमवारी कामठीला जाईल, एकटा.
सोळाशे मीटर आम्ही खांद्याला खांदा लावून संपवायचो.
काल त्यानं माझे पळायचे बूट मागून नेले,
कारण नाही विचारलं.

झिरो माइलच्या दगडावर
गावांची अंतरं कोरलेली आहेत,
समुद्राचं नाही.
हात फिरवून पाहिला मी सगळ्या बाजूंनी.

आता घासलेटच्या बोळ्यानं पुसतोय.
'का' गेला,
'मठी' निघत नाही.
'राहू दे तेवढं,' आई म्हणते,
'हरवली पेटी, तं इकडेच येईल.'