हॅलोबेकच्या मठातलं गवत

मंगळवारी हेस्टर ओल्ड्रॉइड मठातलं गवत कापते.
छप्पर नसलेल्या चर्चमध्ये यंत्र जपून वळवावं लागतं;
खांबांचे बुंधे आहेत गुडघ्याएवढे,
आणि वेदी होती तिथं सशांची बिळं.

तेरा जण आले होते म्हणे सुरुवातीला,
दलदल उपसत,
पहिला हिवाळा खाजऱ्या पाल्याच्या कालवणावर काढला.
मग मेंढ्या. मग लोकर. मग दगड.

दक्षिणेच्या भिंतीला एक जिना आहे.
चौदा पायऱ्या, मधोमध झिजलेल्या,
पंधरावी नाही. वर आभाळ.
इथून उतरायचे ते रात्री दोनला,
पेंगुळलेले, प्रार्थनेसाठी,
चारशे वर्षं.

मग राजाची माणसं आली, वही घेऊन.
घंटा, पाच.
मेणबत्त्यांची घरं, पितळी, बारा.
कढई एक, तडकलेली.
छपरावरचं शिसं उतरवलं.
ते वितळवायचं तर सरपण हवं,
म्हणून ज्या बाकांवर उभं राहून गायचे
तीच फोडली.
ओक सावकाश जळतो. तीन दिवस धूर.
वहीत धुराला रकाना नव्हता.

दगड गावानं नेले.
लुटले असं हेस्टरला म्हणवत नाही;
तिच्याच गोठ्याच्या भिंतीत एक देवदूत आहे,
आडवा बसवलेला,
गाई त्याच्यावर मान घासतात,
नाक केव्हाच गेलं.

ऑस्विन नावाचा एक म्हातारा साधू
पेन्शन घेऊन गावातच राहिला, चांभाराच्या माडीवर.
घंटा वितळली होती, सवय नाही.
दोनला उठून बसायचा,
आणि अंधारात पाय खाली सोडून
पायरी चाचपायचा.

यंत्राचं पातं कशाला तरी खरकन घासतं.
हेस्टर वाकते. मातीतून फरशीचा कोपरा.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसते,
तर कुत्र्याचा पंजा.
भट्टीत जाण्याआधी, ओल्या मातीवरून
पळत गेलेलं कुणाचं तरी कुत्रं.

बोलायला बंदी होती इथं.
मीठसुद्धा बोटांच्या खुणेनं मागायचे.
पण त्या दिवशी कुणीतरी
नक्की ओरडला असणार, पूर्ण गळा काढून,
हाड्!
किंवा त्यांच्यात जे काय म्हणत असतील ते.

हेस्टर हसते, एकटीच.
बुटानं वर माती सारते.
उत्तरेची बाजू अजून तशीच आहे,
आणि पेट्रोल संपत आलंय.