शेपटीकडचा तुकडा

सातपूरहून सुटायला सव्वासात होतात.
आनंदवल्लीच्या वळणावर स्कूटी आपोआप हळू झाली.
हौसाबाई टोपली झाकायच्या बेतात.
"कटलाच उरलाय ताई, तोही शेपटीकडचा.
काटे फार. घ्या, कमी लावते."
खवल्यांवर धरणाचं पाणी अजून ओलं.
म्हटलं, द्या. काट्यांचं बघते मी.

आबांना आमच्याकडे येऊन आठ महिने झाले.
वेंगुर्ल्याहून येताना आणलं ते एवढंच:
आगळाची बाटली, माकडटोपी,
आणि एक वाक्य.
"गोड्या पाण्याचो मासो, तो काय मासो?"
ताटावर झाकण ठेवावं तसं ते हे वाक्य ठेवतात.
मग वरणभात. मग मुकाट्याने हात धुणं.

मीही ते खरंच मानत होते.
सोमवारी पोह्यांतली अख्खी मिरची त्यांनी चावली
आणि डोळे पुसत म्हणाले, झकास.
तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.
चवीचं काही नाही.
काटा दिसत नाही त्यांना.
मनगटावरचं घड्याळ उतरवावं
तसा बांगड्याचा काटा एका हाताने उतरवणारा माणूस.

पावणेआठ. खोबरेलाची बाटली गोठलेली, एवढी थंडी.
हळद-मीठ लावून तुकडे वाफेवर ठेवले,
तोवर सकाळचा उकडलेला बटाटा कुस्करला,
कांदा (त्याला आमच्या जिल्ह्यात काय तोटा),
आलं, लसूण, दोन मिरच्या, कोथिंबिरीचे देठसुद्धा,
ब्रेडच्या कडा, ज्या शाल्मली खात नाही.

मग काटे.
मी डोळे मिटले. मुद्दाम.
बेचकीसारखे दुटोकी, केसाएवढे,
मांसात आडवेतिडवे लपलेले.
अकरा. सतरा. बशीच्या काठावर लावत गेले.
संपले म्हणून हात धुतले,
परत चाचपलं, अजून दोन.
"आई, तू उभ्यानेच झोपलीस?"
नाही गं. शिकतेय.

चमचाभर आगळ, चिखलाचा वास जायला.
चपटे गोळे, रव्यात घोळून, लोखंडी तव्यावर.
पहिलं फुटलं. पहिलं फुटतंच.
ते आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं,
हा-हू करत, जीभ भाजत.
बाकीचे शहाण्यासारखे उलटले,
कडेला तांबूस जाळी धरून.

"कटलेट आहे, आबा," एवढंच म्हटलं.
कशाचं, ते नाही सांगितलं.
त्यांनी बोटांनी मोडलं. एवढासा घास
जिभेवर थांबवून ठेवला.
जीभ शोधत होती, दिसत होतं मला.
मी पोळीला तूप लावत राहिले, एकाच पोळीला.
दुसरा घास मोठा होता.

"मासो आसा."
"धरणातला," मी कबूल केलं.
बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज.
मग,
"मीठ कमी आसा,"
आणि ताट पुढे.

डोळ्यांच्या ऑपरेशनचा कागद
फ्रिजवर चुंबकाखाली आहे, दिवाळीपासून.
आज नाही काढला विषय.
रोहिदासची सेकंड शिफ्ट, त्याचे चार झाकून ठेवले.
साडेबाराला तो आला तर तीनच.
आणि झाकण वाकडं बसलेलं,
दिवा न लावता कुणीतरी
हाताने अंदाज घेत ठेवावं तसं.