काटा थांबेपर्यंत

आमचं दुकान खंडेराव मार्केटात, सुक्या मिरचीचं.
बाबा म्हणायचे, काटा थांबल्याशिवाय बोलू नये.
गिऱ्हाईक शिंकू दे, घाई करू दे, रागावू दे,
काटा थांबला की मग सांग.

आता माझ्यासमोर काटा नाही, हिरवे आकडे आहेत.
नऊशे चाळीस ग्रॅम.
म्हणजे किलोला साठ कमी,
बाबांशी गिऱ्हाईक भांडलं असतं.

फाइलवर बाळाचं नाव नसतं.
बेबी ऑफ शनकीबेन, कवांट, सत्तावीस आठवडे.
शिरेतून उतरतं ते पिवळसर पाणी: साखर, प्रथिनं, मीठ.
शेजारच्या सिरिंजमध्ये ताकासारखी चरबी,
उजेड लागू नये म्हणून कागदात गुंडाळलेली.
हा स्वयंपाक माझा.
चूल नाही, चव घ्यायची नाही,
नुसतं कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि दशांशचिन्ह,
दोनदा तपासलेलं, तिसऱ्यांदा सिस्टरकडून.
एक टिंब सरकलं तर
हे वाक्य मी कधी पुरं करत नाही.

दुसऱ्या दिवशी शनकी चीक घेऊन आली.
तीन थेंब. चौथा वाटीच्या काठावरच सुकलेला.
"एटलुंज," ती जमिनीला म्हणाली.
मी म्हटलं, आज तिला एवढंच हवंय.
धीर द्यायला नव्हते बोलत, हिशेबच तसा होता.
सिस्टरने बोळ्यावर घेऊन ते गालाच्या आत फिरवलं,
तेव्हा बाळाने जीभ हलवली.
तक्त्यात त्याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं: जीभ.

मग पेढीतलं दूध.
दर दोन तासांनी दीड मिलिलिटर, चमचाभरही नाही.
सिरिंज उंच धरायची, दट्ट्या लावायचा नाही,
दुधाला त्याच्या वजनाने उतरू द्यायचं.
शनकीच्या सासूने बाटली न्याहाळली.
कोणाचं?
बाटलीवर नुसता नंबर असतो, मी नंबर सांगितला.
(स्कूटरवरून येते ती, बर्फाचा डबा पायाशी,
हेल्मेट न काढताच सही करते. हे मी सांगितलं नाही.)
म्हातारी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे बडोद्यात हिची मावशी आहे.

सहाव्या रात्री नळीतून हिरवं आलं.
दूध बंद.
पोटाचा घेर दर चार तासांनी, टेपने.
शनकी तरीही काढत राहिली,
बाटल्या फ्रीजरमध्ये रांगेने, आता काठोकाठ,
आणि पिणारीचा उपास.
घरी जाताना सेव-उसळच्या गाडीवर गर्दी होती.
मी पुढे गेले. वळून परत आले.
तर्री डोळ्यांत येईपर्यंत खाल्लं.
भूक लागते आणि आपण खातो,
मधे कोणी हिशेब मांडत नाही,
केवढी चैन.

तीन दिवसांनी पुन्हा अर्धा मिलिलिटर.
आईचं, गोठलेलं, कोमट केलेलं.
पोट मऊ. पाऊण. पोट मऊ. एक.
मी फोनवर बाबांना सांगितलं, एक झाला.
ते म्हणाले, एक काय?
आणि मला कुठून सुरुवात करावी कळेना.

आज एकोणिसावा दिवस.
पहाटे पाचला सिस्टर तारा उचलून धरते,
मी तिला ताटलीत ठेवते.
नऊशे एकावन्न. सत्तेचाळीस. नऊशे अठ्ठावन्न.
आकडा ठरेना, कारण ती लाथा मारतेय,
माझ्या करंगळीएवढ्या पायांनी,
सगळं वजन हवेत उधळत.
शनकी काचेला नाक लावून विचारते, "केटलुं?"

बाबा, काटा अजून हलतोच आहे.
वधी, मी म्हणाले. वाढली.