अर्धं इंजिन

उदगीरच्या आयटीआयमध्ये, डिझेल मेकॅनिकच्या शेडात
लोखंडी घोडीवर एक इंजिन आहे
ज्याला अर्धं अंग नाही.

पठाण सरांनी ते कापलं तेव्हा आम्ही पहिल्या वर्षाला होतो.
तेवीस दिवस. हॅकसॉची पाती किती गेली, कुणी मोजली नाहीत.
बिडाचा काळा भुगा डब्यातल्या भाकरीलाही लागायचा.
मग रंग. ते काम माझ्याकडे आलं,
पोरीचा हात हलका असतो म्हणून.
त्याच हलक्या हातानं मी आधल्या दिवशी
हेडचे गंजलेले बोल्ट सोडवले होते.

निळं म्हणजे पाणी. पिवळं म्हणजे ऑइल.
धूर जातो ती वाट करडी.
आणि जिथं जिथं पातं फिरलं, तिथं लाल.
लाल म्हणजे, सर म्हणाले,
इथं इंजिनाचं काही नाही. इथं आपण आलो.

इंजिन आगाराच्या भंगारातलं.
एका दुपारी ते चालवणारे आले, केरबा टोम्पे,
खाकी उतरून चार वर्षं झालेली,
बटणं मात्र अजून गळ्यापर्यंत.
एकोणीस वर्षं कंधारची मुक्कामी गाडी.

मी छडी घेऊन दाखवलं: हा पिस्टन, हा व्हॉल्व्ह,
इथून हवा येते, इथं दबते, इथं डिझेलचा फवारा.
ते मान हलवत राहिले,
सोयरिकीला आलेले पाहुणे
मुलीचं शिक्षण ऐकतात तशी.

मग म्हणाले, "तीन नंबर दाव की, माय."

तिसऱ्या सिलेंडरच्या भिंतीवर
बोटभर ओरखडा होता.
मी रंगाचा ब्रश त्याच्या कडेनंच नेला होता.
"हाच. जळकोटच्या चढाला बोलायचा ह्यो.
वर्कशॉपवाले म्हणायचे, केरबा, आवाज तुझ्या कानात हाय."

हँडल फिरवा म्हटलं. नको म्हणाले, तू फिरव.
मी फिरवलं. सहाही पिस्टन वर, खाली,
व्हॉल्व्ह उघडले, मिटले,
सगळं दिसलं.
ते पलीकडून गेले, न कापलेल्या अंगाला,
आणि कान टेकवून उभे राहिले.

माझा हात भरून आला. थांबायचं कसं, कळेना.

ते गेल्यावर मी सरांना विचारलं,
ओरखड्याला कुठला रंग?
सर डब्यांकडे बघत राहिले:
निळा, पिवळा, करडा, लाल.
मग एकेक झाकण ठोकून बसवलं
आणि म्हणाले, पाच वाजले, शटर ओढा.