नाव नसलेलं बटण

सेतूबलच्या धक्क्यावर,
फेरीच्या रांगेपासून जरा बाजूला,
तळलेल्या माकुळाच्या वासात
इओलांदा फोन पुढे करते.
बघा ना, सिन्योर बेल्मिरो. त्रोइयाची पुढची फेरी शोधा.

सात आठवडे तिनं या पडद्यावरून
एकेक बटण खुडून काढलं होतं.
उरलं होतं पाणी, आणि पाण्यावर तीन थेंब.
अंगठा टेकवायचा, लाटेसारखा ओढायचा,
की वेळापत्रक खालून वर यायचं
डॉल्फिनच्या पाठीसारखं, काळंभोर, क्षणभर.
ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या.
फक्त आन्सेल्मो, ज्याला नियमांची वही तोंडपाठ,
म्हणाला होता, मागे जायचं कुठून?
आणि ती म्हणाली होती,
मळलेल्या वाटेनं काय, कुणीही जातं.

बेल्मिरोनं एकतीस वर्षं
परक्या जहाजांना बोट धरून बंदरात आणलं.
आता त्याच्या नजरेच्या मधोमध
नाण्याएवढा डाग आहे.
जग कडेकडेनं दिसतं; समोरचा माणूस दिसत नाही.
त्यानं फोन कानाशी धरला.
फोन वाचू लागला:
बटण, नाव नाही.
बटण, नाव नाही.
बटण, नाव नाही.

त्यानं अंगठा ओढला. लाट आली नाही.
दोन बोटांनी?
नाही, एकाच.
जोरात?
हळू. अर्ध्यावर थांबायचं, मग डावीकडे…
सांगता सांगता तिला
स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला.
तेवढ्यात भोंगा झाला. फेरी सुटली.
माझ्या भाषेत नाव म्हणजे होडीसुद्धा.
त्या सकाळी त्याची दोन्ही हुकली.

तो चिडला नाही.
निनावी जहाज आम्ही आत घेत नसू, एवढंच म्हणाला.
मग हात सादोच्या मुखाकडे केला,
नेमका तिकडे, जिथे त्याला दिसत नाही.
तिथे लाल बोया आहे, डब्यासारखा.
पलीकडे हिरवा, टोकदार.
ज्याला रंग कळत नाही त्याला आकार.
रात्री आकार बुडतो, म्हणून दिवा,
दिवाही नुसता नव्हे, मोजून उघडझाप.
धुकं आलं तर घंटा.
एकच गोष्ट, पोरी, चारदा सांगितलेली.
समुद्र त्यानं कंटाळवाणा झाला नाही.

हे नियम केले कुणी? तिनं विचारलं.
बुडालेल्यांनी,
तो म्हणाला, आणि माकुळाचा तुकडा
लिंबात बुडवून खाल्ला.

त्या रात्री तिनं पडद्याच्या तळाशी चार शब्द ठेवले:
फेऱ्या, तिकीट, नकाशा, मदत.
थरथरत्या अंगठ्याला पुरेल एवढी जागा प्रत्येकाला.
धुरकट अक्षरं गडद केली.
वरच्या कोपऱ्यात मागे जाण्याचा बाण,
जिथे सगळे तो शोधतात तिथेच.
वाईट वाटलं तिला. खोटं कशाला सांगा.
आपल्याच विनोदाचा अर्थ
आपणच समजावून सांगावा, तसं.
लाट तिनं पुसली नाही;
ती राहिली मागच्या अंगाला, हवी त्याला.

दोन वाजता आठवलं: घंटा.
फेरीनं पलीकडचा काठ सोडला
की फोन खिशात एकदा लांब गुणगुणेल;
धक्क्याला लागली की दोनदा, तुटक.
सकाळी आन्सेल्मोनं वही उलटीपालटी केली.
हे यात कुठेच नाही, तो म्हणाला.
मग बराच वेळ फोन तळहातावर घेऊन
डोळे मिटून उभा राहिला.

नोव्हेंबरात खरंच धुकं आलं.
बेल्मिरो रांगेत, हात कोटाच्या खिशात.
त्याच्यामागे बाबागाडी ढकलणारी एक बाई,
तिचेही दोन्ही हात अडकलेले.
दोघांच्या अंगाशी काहीतरी दोनदा थरथरलं
आणि दोघंही एकदम पुढे सरकली.

फळीवर पाय ठेवता ठेवता तो थांबला.
उशीर होतो तुझ्या घंटेला, तो म्हणाला,
फेरी आधी लागते, फोन मग.
किती? तीन सेकंद?
चार.
तिनं तळहातावर लिहून घेतलं.