शंटिंग

भुसावळ. रात्रपाळीआधीचा तास,
खडूच्या धुळीत एकच पंखा.
फळ्यावर मी लिहितो: पुट. अप. विथ.
युवराज तायडे, पॉइंट्समन, वय एक्केचाळीस,
गार्डाच्या परीक्षेला चौथ्यांदा,
ग्रीसचा हात वर करतो:

"पुट म्हणजे ठेव. अप, वर. विथ, सोबत.
मग 'वर ठेव सोबत' याचं
सहन करणं कसं काय होऊन राह्यलं, सर?"

माझ्याकडे नियम नव्हता.
पाठ करा, म्हणालो.

तो वहीत डबे काढत बसला.
मंगळवारी म्हणाला, "समजलं.
इंजिन तेच. मागे काय जोडलं, त्यावर गाव.
कम अप, इथवर गाडी यार्डातच.
विथ लावला की निघाली सुरतेला,
डोक्यात काहीतरी सुचलं.
आपलं 'लागणं' घ्या ना,
कामाला लागला, नादी लागला, हाती लागलं.
अन् काहीच न जोडता
नुसतं लागलं,
तर रक्त."
डाव्या हाताची करंगळी दाखवली,
पेरभर कमी.

चाचणीत वाक्यं करायला दिली.
कुणी दिवाळी लिहिली, कुणी पगार.
अर्धे जण टू विसरले.
हा विसरला नव्हता:
आय लुक फॉरवर्ड टू
आणि पुढं कोरा कागद.

चूक म्हणावी तर कुठं खूण करू?
लाल पेन उघडं ठेवून बसलो.
बाहेर यार्डात एका रिकाम्या वाघिणीला
दुसरी लागली,
आवाज शेवटच्या डब्यापर्यंत
जात राहिला.